रंग चढेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

केसांच्या रंगाची कंपनी दर वर्षी एक डायरी पाठवते. आधी मी तिच्यात गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायचे. आता वेळा सगळ्या फोनवर, त्यामुळे यंदाची डायरी दोन महिने आरशाखाली नुसती लोळत होती. चांगल्या कागदाला असं उपाशी ठेवणं बरं नाही म्हणून आज उघडली. मी काही लिहिणारी बाई नाही. लिहिणारी आमच्याकडे एक आहे, माझी नणंद, आणि एका घराला एक पुरे. मी आपलं काय झालं ते टिपून ठेवते.

तर झालं असं. दुपारी बँकेतली कॅशियर आली, मुळांना रंग लावायला. लावला आणि बसवलं खुर्चीत. रंग चढायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात त्या बाईचं काहीच करता येत नाही. डोक्यावर लगदा, गळ्यात काळा प्लॅस्टिकचा झगा, मान ताठ. घरी जाता येत नाही, कोणाच्या दारात जाता येत नाही, फोन कानाला लावावा तर फोन रंगतो. पार्लरमधला टीव्ही गेल्या महिन्यात बंद पडलाय. मासिकं इतकी जुनी आहेत की त्यातल्या नट्या आता आज्या झाल्यात.

ती म्हणाली, "एखादा कागद दे गं. आणि पेन."

मला वाटलं, सामानाची यादी करत असेल. ही बाई लिहीतच सुटली. मधेच हसायची, मधेच ओठ चावायची. केस धुताना विचारलं, एवढं काय लिहिलंस?

"काल जावेने टोमणा मारला. तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते आज सुचलं."

"मग जाऊन तोंडावर दे की."

"आता दिलं तर शिळं लागेल. लिहिलं की ताजं राहतं."

आणि कागद इथेच ठेवून गेली, घरी नेला तर जाऊ वाचेल म्हणून. मी टॉवेल वाळत घालायच्या तारेवर तो केसांच्या क्लिपेने अडकवून ठेवला. संध्याकाळपर्यंत चार बायकांनी वाचला आणि चौघी हसल्या. एकीने तर विचारलं, "ही कोणाची जाऊ? माझीच वाटते."

१० मार्च, मंगळवार

तारेवर आता टॉवेल कमी आणि कागद जास्त.

आज सरकारी दवाखान्यातली नर्स आली होती. ही बाई रंग लावला की झोपते, घोरतेसुद्धा. आज डोळे टक्क उघडे. तारेवरचे कागद बसल्या जागेवरून वाचत होती. मग म्हणाली, "मलाही दे." तिने फार नाही लिहिलं, पण ते वाचून मी हातमोजे काढायचे विसरले. तसंच्या तसं उतरवते:

"मी दिवसभर लिहिते. ताप एकशे एक. नाडी ठीक. झोप बरी. सगळ्या खाटांचं लिहिते. घरी गेल्यावर मला कोणी विचारत नाही, झोप बरी का. म्हणून आज माझं लिहिते. झोप बरी नाही. पाय दुखतात. मन ठीक. भूक उत्तम."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या मटारच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "भूक उत्तम म्हणतेय ना, मग जगेल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू कागद विकत आणतेस की काय त्यांच्यासाठी?"

"आणते."

"रेघांचे आण. बायकांना सरळ लिहायची सवय नसते, ओळ वर जाते."

एवढंच बोलल्या. त्यांना यातलं किती पटतं ते कळायला मार्ग नाही. मी मात्र रेघांचे आणले.

१३ मार्च, शुक्रवार

आज माझ्या हातून चूक झाली. सतरा वर्षांत अशी झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये.

शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी वस्ती मोठ्या बाई म्हणते, त्या रंगाला आल्या. गडद तपकिरी, नेहमीचा. कागद त्यांनी मागितला नाही. पर्समधून स्वतःचंच पेन काढलं आणि कागदासाठी हात पुढे केला, जणू मी पेपर वाटायला उभी आहे. वर मथळा लिहिला, "माझा आवडता प्राणी". खाली पहिली ओळ, "माझा आवडता प्राणी म्हणजे माझे यजमान."

त्यांच्या मागे उभी राहून मी वाचायला लागले ते घड्याळ विसरले. रंगाची वेळ भरली तेव्हा म्हटलं, बाई, उठा, धुवायचंय. त्यांनी मागे न बघता हात वर केला. वर्गात गडबड झाली की करतात तसा. "थांब. शेवट व्हायचाय." मीही थांबले. मलाही शेवट हवा होता.

केस धुतले तर कोळशासारखे काळेभोर. तपकिरी नावाला नाही. एखाद्या शाळकरी मुलीची वेणी घालावी असे. माझं धाबं दणाणलं. बाईंनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "तीस वर्षं मी दुसऱ्यांचे निबंध तपासले. सुरुवात, मध्य, शेवट, सुविचार. मला एक असा निबंध लिहायचा होता की ज्याला मीच नापास केलं असतं. तो झाला. केस वाढतील परत."

त्या गेल्यावर मी दार लावून एकटीच हसले.

१९ मार्च, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. म्हणजे माझ्या नणंदबाई. त्यांची सगळी पुस्तकं मी पार्लरमध्ये आरशाशेजारी ओळीने लावून ठेवली आहेत. गिऱ्हाइकांना सांगते, ही आमच्या यांची धाकटी बहीण. अभिमान आहे, का नसावा? पण त्या आत आल्या की मी जपून बोलायला लागते. वीस वर्षं झाली लग्नाला, तरी. त्या काही बोलत नाहीत, पण मी बोललेलं प्रत्येक वाक्य त्या मनात दुरुस्त करताहेत असं वाटत राहतं.

म्हणाल्या, "दादा सांगत होता, तू बायकांकडून लिहून घेतेस म्हणे."

आमच्या यांना लिफ्टच्या दुरुस्त्या जेवढ्या जमतात तेवढं तोंड बंद ठेवणं जमत नाही.

"मी कुठली घेते, वन्सं. त्या बसतात, त्यांच्या हातून होतं."

त्यांनी तारेवरचा एकेक कागद वाचला. हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मलाही रंग लाव."

त्यांची मुळं अजून दिसतसुद्धा नव्हती. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी या. म्हणाल्या, "आत्ता लाव." लावला. कागदही दिला, द्यायला नको का? अर्धा तास त्या कागदाकडे बघत बसल्या, आणि मग घडी करून तो पर्समध्ये टाकला. तारेला लावला नाही. या सगळ्यांत काय काय चुकलंय त्याची टिपणं घेतली असणार.

रात्री जेवताना सासूबाईंनी यांना विचारलं, "तुझ्या बहिणीचं नवीन पुस्तक आलं नाही रे बऱ्याच दिवसांत?" मीच सांगितलं, आई, मोठे लेखक वेळ घेतात.

२७ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते आधी आईला फोन करून सांगितलं, मग यांना, मग शेजारच्या फुलवालीला, आणि आता डायरीला.

वाचनालयाचे ग्रंथपाल स्वतः पार्लरच्या दारात आले. वस्ती त्यांना "हळू बोला" म्हणते, कारण त्यांच्या तोंडून दुसरं काही कोणी ऐकलेलं नाही. लेडीज पार्लरमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणून पायरीवर उभं राहूनच बोलले. त्यांच्या मिसेसनी इथले कागद वाचलेत, घरी जाऊन त्यांना सांगितलंय. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी तेच ते भाषण होतं, आणि लोक डुलक्या काढतात. "या वर्षी तुमच्या बायकांना एक तास देऊ. स्टेजवर. माईक देऊ."

मी म्हटलं, "हळू बोलायचं का माईकवर?" बिचारे लाजले.

तिघी तयार झाल्या: कॅशियर, नर्स, मोठ्या बाई. आधी तिघींनी नाही म्हटलं. कॅशियरला भीती की जाऊ समोर बसलेली असेल. नर्स म्हणाली, माझं एवढंसं, ते काय वाचायचं. मोठ्या बाईंचे यजमान दर वर्षी पहिल्या रांगेत बसतात. शेवटी मी शब्द दिला. म्हटलं, जसं लिहिलंय तसंच वाचायचं. काना-मात्रा बदलायची नाही, कोणी बदलणार नाही, माझी जबाबदारी. तेव्हा कुठे हो म्हणाल्या.

मला आज असं वाटतंय की मी उंच झालेय. यांना विचारलं, तर हे म्हणाले, "चप्पल नवी आहे का?"

२ एप्रिल, गुरुवार

वन्सं परत आल्या. परत रंग! पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. मी सांगितलं, अशाने केस खराब होतील. म्हणाल्या, होऊ देत. परत कागद घेतला, परत घडी, परत पर्स. लक्ष ठेवायला येतात हे मला कळतंय, पण बोलणार कोण?

प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांचंच नाव ठरलंय. पत्रिकेत छापूनसुद्धा आलं. विषय, "बायका का लिहितात?" जाताना म्हणाल्या, "ते तिघींचे कागद दे. शुद्धलेखन बघून देते. स्टेजवर हसं नको व्हायला."

मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "हो, न्या ना."

शुद्धलेखनच बघणार आहेत. तेवढं चालेल. चालेल ना?

११ एप्रिल, शनिवार

नाही चालणार.

कागद आले. टाइप करून, छान जाड कागदावर. नर्सच्या कागदाला मथळा, "शुभ्र वस्त्रांतली वेदना". भूक उत्तम गेली. पाय दुखतात त्याचं "पावलांत साकळलेला काळोख" झालंय. मोठ्या बाईंचं "माझा आवडता प्राणी" जाऊन तिथे "सहजीवनाची सावली". वाचायला फार सुंदर आहे. मला तर दोन ठिकाणी रडू आलं. मग लक्षात आलं, की मी कोणासाठी रडतेय तेच कळत नाहीये.

कॅशियरने आपला कागद मोठ्याने वाचला. "'मूकपणे मी साऱ्यांचे टोमणे झेलत राहिले...' मूकपणे? मी? अगं, मी मूक असते तर जावेने एकाच घरात वेगळी चूल कशाला मांडली असती? हे मी स्टेजवर वाचलं तर ती खुर्चीवरून पडेल हसून!"

नर्सने कागदाची नीट घडी केली, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, हे चांगलं आहे. पण ही पेशंट मी नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "दहापैकी दहा. पण दुसऱ्याचा पेपर आहे, मी कसे मार्क घेऊ?"

तिघी वाचणार नाहीत म्हणतात. मी शब्द दिला होता ना, असं कोणी तोंडावर म्हटलंसुद्धा नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१२ एप्रिल, रविवार

आमच्या यांना सांगितलं. म्हणाले, "तिला दुखवू नकोस हं. आधीच ती हल्ली गप्प गप्प असते." म्हणजे बहिणीला दुखवायचं नाही आणि तिघींना दुखवलं तर चालेल! आणि वन्सं रुसून बसल्या तर प्रमुख पाहुण्याच नाहीत. मग वाचनालय म्हणणार, तुमच्यामुळे झालं. इकडे आड, तिकडे विहीर.

सासूबाई ऐकत होत्या. त्या त्यांच्याच लेकीच्या बाजूने बोलणार अशी माझी खात्री. म्हणाल्या, "लहानपणी ती शेजारच्या मुलींची चित्रं रंगवून द्यायची. तिला मदत करायची हौस. मुली रडत घरी जायच्या."

"मग तुम्ही काय करायचात?"

"तिला कोरा कागद द्यायचे. वेगळा."

१५ एप्रिल, बुधवार

वन्सं आल्या. रंगालाच. या वेळी मी नाही म्हटलं नाही. आधी रंग लावायचा, मग बोलायचं, असं मी सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं आणि स्वतःच्या डोक्याचं कौतुक केलं होतं. ओला रंग डोक्यावर असलेली बाई कितीही रागावली तरी उठून जाऊ शकत नाही.

शेवटचा ब्रश फिरवला आणि म्हटलं, "वन्सं, ते कागद नाही वाचायचे."

"कोणते?"

"तुम्ही सुधारलेले."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "का? चुका राहिल्यात?"

"चूक एकही राहिली नाही. त्या तिघीही राहिल्या नाहीत त्यात."

"वहिनी, तू मला लिहिणं शिकवू नकोस." आवाज चढला होता. "बाई लिहिते ती आतल्या दुखण्यातून. ते त्यांना मांडता येत नाहीये. मी मांडून दिलं."

आता थांबले असते तर पुन्हा कधी बोललेच नसते. म्हटलं, "तुमच्या पुस्तकातल्या बायका लिहीत असतील दुखण्यातून. माझ्या खुर्चीत बसणारी एक जावेला उत्तर द्यायला लिहिते. एक लिहिते कारण तिची तब्येत कोणी विचारत नाही. मोठ्या बाई लिहितात कारण त्यांना एकदा मनासारखं वाईट लिहायचं होतं. दुखणं असेलही त्यात. पण त्यांनी ते जिथे ठेवलंय तिथेच राहू दे ना. मीही लोकांच्या डोक्याला हात लावते, वन्सं. केसांना रंग देते. डोकं नाही बदलत."

हे मी बोलले. मीच. आत्ता लिहिताना विश्वास बसत नाही.

त्या ताडकन उठल्या. झगा सळसळला. दारापर्यंत गेल्या, काचेत स्वतःला पाहिलं, बाहेर भर दुपारची वर्दळ. परत येऊन बसल्या. मी नेहमीसारखा कागद पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"नको. त्यावर काही येत नाही."

"काय येत नाही?"

"काहीच नाही." आरशात त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "चार वर्षं झाली. एक ओळ नाही, वहिनी. लोकांना सांगते, मोठं काम चाललंय. इथे येते कारण वाटतं, या सगळ्यांना येतंय तर मलाही येईल. कागद नेते तो घरी उघडते, तर कोराच. मग त्या तिघींचे कागद हातात आले. निदान कोणाच्या तरी ओळीवरून हात फिरला."

मी किती मूर्ख! पंधरा पंधरा दिवसांनी रंग लावायला येणारी बाई, आणि मी म्हणे, लक्ष ठेवायला येते. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण माझ्या हातमोज्यांना रंग होता. म्हटलं, "अजून वीस मिनिटं आहेत. बसा तुम्ही."

कागद आणि पेन त्यांच्या मांडीवर ठेवलं, दारावरची पाटी उलटी करून "बंद" केली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. नर्स ड्युटीवरून येत होती, तिला थांबवलं. एक बाई भुवया करायला आली, तिला सांगितलं, उद्या. आमचे हे किल्ली मागायला आले, त्यांना म्हटलं, तिकडे उन्हात उभे राहा.

आत गेले तर कागद नेहमीसारखा पर्समध्ये गेलेला. लिहिलं का, ते मी विचारलं नाही. वेळेवर केस धुतले. शेड अगदी छान बसली. जाताना म्हणाल्या, "त्यांचे मूळचे कागद माझ्याकडे जपून आहेत. उद्या पाठवते. भाषण करू की नको मी?"

"करा. पण सगळ्यांत शेवटी."

हसल्या. वीस वर्षांत माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा.

२६ एप्रिल, रविवार

आत्ताच घरी आलो. साडीसुद्धा बदलली नाहीये. आधी लिहिते, नाहीतर काहीतरी निसटेल.

हॉल भरला होता. मागे लोक उभे होते. तिघींनी आपापले मूळचे कागद हातात धरले होते, क्लिपेच्या खुणेसकट. कॅशियर पहिली. जाऊ बरोबर तिसऱ्या रांगेत. "काल जाऊ म्हणाली, तुला काय, बँकेत पंख्याखाली बसायचं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आज सुचलं. बाई गं, पंखा तुझ्याही घरात आहे. त्याच्याखाली बसून दिवसभर परक्या माणसांशी गोड बोलून बघ. घरातल्यांशी तरी जमतंय का तुला?" हॉलमध्ये हशा उसळला. जाऊ उभी राहिली. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पार्लरवाल्या ताई, मला कधीची वेळ आहे? मलाही उत्तर लिहायचंय!" टाळ्या थांबेनात. कॅशियर स्टेजवर उभी राहून रडत होती आणि हसत होती.

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. "माझा आवडता प्राणी म्हणजे माझे यजमान. त्यांना दोन हात, दोन पाय व एक वर्तमानपत्र असते. हाक मारली तर ते येत नाहीत, ताटांचा आवाज झाला की येतात. ते घराची राखण करतात, पण चोर आल्यास आधी मला उठवतात. हा प्राणी अत्यंत निरुपद्रवी असून तो मला फार आवडतो. का, ते मला तीस वर्षांत समजले नाही." पहिल्या रांगेतून यजमान उठले, वळून सगळ्या हॉलला वाकून नमस्कार केला. शाळेतली मुलं बाकं बडवतात तसे लोक खुर्च्या बडवत होते. आणि "हळू बोला" सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

नर्सचं एवढंसं. "झोप बरी नाही," म्हणाली. "पाय दुखतात. मन ठीक. भूक उत्तम." ती खाली उतरायला निघाली तर मागून एक म्हातारे गृहस्थ काठीवर उभे राहिले. "सिस्टर, आता कशी आहे तब्येत?" तिने पदर तोंडाला लावला. मग ताठ उभी राहून म्हणाली, "आज बरी आहे, आजोबा."

माझी छाती अभिमानाने अशी भरून आली होती की ब्लाउजची शिवण उसवते की काय वाटलं. या माझ्या खुर्चीतल्या बायका. माझ्या!

शेवटी वन्सं. पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. "माझं भाषण नाही. एवढंच आहे," म्हणाल्या आणि वाचलं:

"चार वर्षं मी लिहिलं नाही. आज माझी वहिनी दाराबाहेर पायरीवर उभी आहे, कोणी आत येऊ नये म्हणून. ती आत्ता माझ्या भावाला हाकलतेय, मला ऐकू येतंय. मी लिहावं म्हणून आजवर कोणी असं दारात उभं राहिलं नव्हतं. काय लिहू ते मला अजून माहीत नाही. पण ती उभी आहे तोवर मी लिहिणार."

मला पुढचं नीट दिसत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी गृहस्थांनी विचारलं, "पण मॅडम, विषय राहिलाच. बायका का लिहितात?" वन्सं म्हणाल्या, "ते माझ्या वहिनीला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." आणि माईक सरळ माझ्या हातात!

मी काही बोलायची तयारी केली नव्हती. समोर आमचे हे, सासूबाई, निम्मी वस्ती. म्हटलं, "मी केसांना रंग लावते. तो चढायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात त्या बाईला कोणी उठवू शकत नाही. नवरा नाही, मुलं नाहीत, सासू नाही. मग ती लिहिते. कोणी रागाने, कोणी गमतीने, कोणी उगाच. दर बाईचं कारण वेगळं. बायका का लिहितात ते विचारू नका हो. लिहीत असल्या तर उठवू नका, एवढंच करा."

आणि माईक परत देऊन टाकला. टाळ्या वाजल्या त्या मला घरी येईपर्यंत ऐकू येत होत्या.

२७ एप्रिल, सोमवार

आज पार्लरला सुट्टी. मे महिन्याच्या सगळ्या वेळा भरल्यात, जावेसकट. दोन बायकांनी विचारलं, केस अजून काळेच आहेत, तरी आलं तर चालेल का? वन्संचा सकाळीच फोन आला, गुरुवारी येते म्हणून. मी सांगितलं, या, पण रंग नाही लावणार आता, केस गळतील. नुसत्या बसा. म्हणाल्या, "आणि तू? तू काय लिहितेस, वहिनी?" म्हटलं, मी कुठली लिहितेय. मला गिऱ्हाइकं आहेत.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून हे टिपतेय. कालचं बरंच राहून गेलं होतं: मोठ्या बाईंचे यजमान बाहेर पडताना काय म्हणाले, नर्सच्या मुलाने तिच्या चपला कशा उचलल्या, सासूबाई येताना रिक्षात माझा हात धरून कशा बसल्या. आमचे हे आत्ता बाहेरच्या खोलीतून म्हणताहेत, "अगं, चहा टाकतेस ना? ऐकलंस का? चहा..."

आणि सासूबाईंचा आवाज: "ओरडू नकोस. ती लिहितेय. तूच टाक, आणि माझाही टाक."

त्यांना जाऊन सांगायला हवं, की आई, मी काही लिहीत नाहीये, नुसतं टिपतेय. पण ते सांगायला उठावं लागेल, आणि माझं पान अजून संपलेलं नाही.